सर, खाली ते काय आहे?

परवा ऑनलाइन मीटिंगमध्ये मी माझी स्क्रीन सगळ्यांना दाखवली. दाखवायचा होता एक तक्ता, पण तक्त्याकडे कुणी बघेना. शेवटी आमच्यातली सगळ्यात नवी सहकारी दबक्या आवाजात म्हणाली, "सर, खाली ते काय आहे?"

खाली माझा टास्कबार होता. त्यावर एकवीस खिडक्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. बटणं इतकी आक्रसलेली, की बहुतेकांवर 'अहवा...' एवढंच वाचता येत होतं. 'अहवाल', 'अहवाल अंतिम', 'अहवाल अंतिम नक्की', 'अहवाल अंतिम हाच'. एका जातीच्या खिडक्यांची मोट एकाच बटणाखाली बांधायची सोय २००१ च्या विंडोज एक्सपीपासून आहे, पण मी ती बंद ठेवतो. नजरेआड गेलेली खिडकी मला आठवत नाही, हा माझा जुना आजार. उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी आणखी अकरा चिन्हं होती. त्यातल्या चार जणांची आणि माझी ओळखसुद्धा नव्हती.

वास्तविक हा टास्कबार जन्माला आला तोच पसारा आवरायला. विंडोज ३.१ मध्ये खिडकी मिनिमाइझ केली की तिचं चिन्ह होऊन पडद्याच्या तळाशी पडायचं आणि दुसरी खिडकी त्याच्यावर आली की सापडायचं नाही. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं, त्यानं खाली पट्टी दिली आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. मग पट्टी भरली. म्हणून लोकांनी घड्याळाजवळच्या कोपऱ्यात सामान सरकवलं. त्या कोपऱ्याचं अधिकृत नाव नोटिफिकेशन एरिया, पण सगळं जग त्याला सिस्टिम ट्रे म्हणतं. मग तोही भरला, तर तिथली चिन्हं एका बारक्या बाणामागे लपवायची व्यवस्था झाली. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा जसा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, तसाच हा प्रवास.

त्या रात्री मी इरेला पेटलो आणि टास्कबार आवरणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या मागे लागलो.

पहिला उतरवला सेव्हन प्लस टास्कबार ट्वीकर. माझं मशीन जुनं, विंडोज १०चं, म्हणून चालला. विंडोज ११ च्या नव्या टास्कबारवर तो चालत नाही. त्यातल्या पर्यायांच्या चौकटी बघूनच मी हरखलो. मधल्या बटणानं खिडकी बंद करता येते, हे कळल्यावर मी तीन खिडक्या कौतुकापोटी बंद केल्या आणि त्याच कौतुकापोटी परत उघडल्या. मग आरबीट्रे. मिनिमाइझच्या बटणावर उजवी क्लिक केली, की खिडकी पट्टीवरून उठून थेट घड्याळाशेजारी जाऊन बसते. मग व्हर्च्युआविन, म्हणजे एकाच पडद्यावर अनेक डेस्कटॉप. विंडोज १० मध्ये ही सोय मुळातच आहे, विंडोज, कंट्रोल आणि डी ही बटणं एकदम दाबली की नवा डेस्कटॉप हजर होतो. पण घरात असलेली वस्तू बाहेरून आणल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मी चार डेस्कटॉप केले. तासाभरात माझ्याकडे चार पसारे होते. शेवटी ट्रान्सल्यूसंटटीबी. त्यानं टास्कबार पारदर्शक होतो. पसारा तेवढाच, फक्त आता त्याच्यामागे डोंगर दिसतो.

मध्यरात्री मी कोपऱ्यात नजर टाकली. अकराची सतरा चिन्हं झाली होती. पसारा आवरायला आलेला जो तो स्वतःची पथारी तिथेच पसरून बसला होता. रोग परवडला, पण औषध नको, असं म्हणायची ही वेळ होती. मी म्हणालो नाही. मी आणखी एक प्रोग्रॅम उतरवला.

त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. दोन-तीन बटणं एकदम दाबली, की समोरची खिडकी पट्टीवरून, कोपऱ्यातून, सगळीकडूनच अदृश्य व्हायची. पुन्हा आणायची तर दुसरी दोन-तीन बटणं. मी 'अहवाल अंतिम हाच' अदृश्य केला, बघून धन्य झालो आणि कॉम्प्युटर तसाच झोपवून स्वतःही झोपलो.

सकाळी ती दुसरी दोन-तीन बटणं आठवेनात. पियानो शिकणाऱ्यासारखा अर्धा तास कीबोर्ड बडवला. त्यात स्क्रीन एकदा आडवी झाली, एकदा उलटी झाली, अहवाल काही आला नाही. फाइलवर डबल क्लिक करावी, तर काहीच होईना. उघडणार कशी? ती उघडीच होती. मग शेजारच्या टेबलावरच्या मशीनवरून सामायिक फोल्डरमध्ये शिरलो. तिथे निरोप आला, की ही फाइल दुसरी एक व्यक्ती संपादित करत आहे. ऐन घाईच्या वेळी माझ्या अहवालात हात घालणारा हा कोण, म्हणून तावातावानं नाव वाचलं. माझंच होतं.

सगळे प्रोग्रॅम काढून टाकले. एकानं जाता जाता ब्राउझर उघडून विचारलं, 'आम्हाला का सोडून चाललात?' म्हणजे पट्टीवर आणखी एक खिडकी.

पुढच्या मीटिंगच्या आधी मला शहाणपण सुचलं. टास्कबार आपोआप लपवायची सोय विंडोजमध्ये पहिल्यापासून आहे. एक खूण केली आणि पट्टी पडद्याखाली गडप झाली. स्क्रीन दाखवली, तर नुसता तक्ता. "वा सर, किती स्वच्छ!" ती सहकारी म्हणाली. मी विनयानं हसलो आणि माउस चुकूनही तळाला लागू नये म्हणून टेबलावरून उचलूनच धरला.

आता, टास्कबार लपवलेला असताना एखाद्या खिडकीला तुमच्याशी तातडीनं बोलायचं असलं, तर ती आख्खी पट्टी वर काढते आणि तुम्ही दखल घेईपर्यंत खाली जाऊ देत नाही. हे मला तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर कळलं. केशरी बटण लुकलुकत होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारं गोत उभं होतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.

"सव्वीस," ती म्हणाली.