स्पष्टवक्ते, काटा नेहमी एकाच बाजूला चुकतो का?

नमस्कार 'स्पष्टवक्ते',

ॲमेझॉनचे पक्षी हलके होत चाललेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "दोन ग्रॅमचा फरक काट्याच्या चुकीतही येतो. पंख्याखाली बसून ब्राझीलचे पक्षी जोखणाऱ्यांना हे कसं कळणार?" पहिल्या वाक्यावर आनंदाने बोललो असतो. दुसऱ्याची काय गरज होती? टोपणनावाआडून टोमणे मारायला काय जातं म्हणा!

एक मान्य. लेखाच्या वर मकावचा, त्या मोठ्या पोपटाचा, फोटो नको होता. लेखातले पक्षी जमिनीलगतच्या जाळ्यांत धरलेले, त्यांत तो कुठला सापडायला. झालं समाधान?

आता पंख्याचं. उमेदीची वर्षं मी पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालायच्या शिबिरांत काढली आहेत. पहाटे जाळी उघडायची, अडकलेला पक्षी सोडवून कापडी पिशवीत घालायचा, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला टांगायची. पक्षी सोडला की रिकामी पिशवी पुन्हा तोलायची, कारण तो आत शिटलेला असतो. काटा चुकतो, हे मला तुम्ही शिकवू नये.

पण चुकला तर कधी इकडे चुकेल, कधी तिकडे! ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळच्या न तोडलेल्या ॲमेझॉन जंगलात १९७९ पासून चाळीस वर्षांत १५,०००हून जास्त पक्षी मोजले गेले. किती हातांनी मोजले असतील विचार करा. ७७ जाती, एकही स्थलांतर करणारी नाही, आणि सगळ्यांचंच सरासरी वजन उतरलेलं. १९८०च्या दशकात ज्या जातीचा पक्षी सरासरी ३० ग्रॅम भरायचा, तो आता २७.६ भरतो. याच काळात तिथला कोरडा हंगाम आणखी कोरडा झाला, दीड अंशाहून जास्त तापला. शिवाय सुमारे एकतृतीयांश जातींचे पंख लांबलेत. पंख काट्यावर मोजत नाहीत हो, त्याला पट्टी लागते! अंग हलकं आणि पंख लांब, म्हणजे उडायला कमी ताकद आणि अंगात कमी उष्णता, असा संशोधकांचा तर्क आहे. तो तुम्हाला पटत नसेल तर तसं लिहा, माझ्या पंख्याला कशाला मधे आणता?

"ही नुसती उपासमारही असू शकेल" असंही खाली कुठेतरी म्हटलंय तुम्ही. असेल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे फाटे फोडत नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच मंजूर करीन.