बुढी वावरात, अंगठा नोटरीकडे?

गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "संमतीपत्र असो, हक्कसोड असो की मुखत्यारपत्र, म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला नेऊ नका. अंगठा घरूनच घ्या, आधारची झेरॉक्स जोडा. नोटरी झाली की कागद पक्का." कृपा करून हा मेसेज पुढं ढकलू नका.

माणूस समोर लागत नाही म्हणे. नोटरीचा कायदा १९५२ चा, नियम १९५६ चे. नियमांत ठरवून दिलेल्या रजिस्टरात कागद करून देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सहीचा रकाना आहे. अंगठा घरून आणला तर त्या रकान्यात कोणाचा उठतो? अतिवृष्टीच्या अनुदानासाठी सामाईक सातबाऱ्यावर माझ्या मावशीचं संमतीपत्र असंच झालं. कागदावर अंगठा आहे, शिक्का आहे. मावशी त्या दिवशी वावरात निंदत होती. अशा तोतयेगिरीनं फसवणूक केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

झेरॉक्स म्हणजे ओळख, हेही चूक. मावशीच्या आधारच्या झेरॉक्सा बँकेत आहेत, कृषी केंद्रात आहेत, पुतण्याच्या पाकिटातही आहेत. मूळ कार्ड हातात घ्यावं, क्यूआर कोड स्कॅन करावा, चेहरा पाहावा. कापूस वेचून अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील, मशीन घेत नसेल, तर तिला ओळखणारा माणूस सोबत आणावा. आणि कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवावा. बाई, कशावर अंगठा देऊन राहिली, हे तिनं तिच्या तोंडानं सांगावं.

राहिलं "पक्का". जमिनीचं हक्कसोडपत्र १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावं लागतं. नुसत्या नोटरीनं बहिणीचा हिस्सा सुटत नाही. मुखत्यारपत्राचं मात्र उलट आहे, तिथं धोका जास्त. नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र त्याच माणसानं करून दिलं असं कोर्ट आधी गृहीत धरतं. मी तिथं नव्हतेच, हे मग बुढीलाच सिद्ध करत बसावं लागतं.

तालुक्याला जायचा त्रास खरा आहे. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, दुखरे गुडघे. पण त्यावर उपाय आहे: नोटरीलाच घरी बोलवा. प्रवासखर्च घ्यायची सोय नियमांतच आहे. चारजणांचे कागद एकाच दिवशी ठेवले तर तो खर्चही वाटून जातो.