परदेशातून : दालन आहे, काम कुठे आहे?

बेळगावच्या चित्रकारांविषयी बोलणे निघाले की ते दोनच वाटांनी जाते. शहराला मोठे, अद्ययावत कलादालन हवे, असे एक मत असते. दुसरे मत असे की इथे राहून चित्रकाराचे पोट भरत नाही, तेव्हा त्याने पुणे-मुंबई किंवा बेंगळूर गाठावे आणि जमल्यास परदेश. मी मूळचा बेळगावातल्या शहापूरचा, सध्या आयर्लंडमधील लिमेरिक शहरात राहतो. डिझाइनची नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात जलरंगात काम करतो. गावाकडच्या मित्रांकडून ही चर्चा ऐकताना मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दालन बांधल्याने किंवा गाव सोडल्याने सुटेल असा हा प्रश्न नाही. चित्रकाराला दाम देऊन काम सांगणारे कोणी आपल्या भागात उरलेले नाही, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

बेळगावात राहून काहीच होत नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. के. बी. कुलकर्णी बेळगावातच राहिले, त्यांच्या चित्रमंदिरात मुले घडली आणि लोकांनी त्यांना कलामहर्षी म्हटले. 1935 मध्ये बेळगावात जन्मलेले आणि 2022 मध्ये पुण्यात निवर्तलेले रवी परांजपे हे त्यांचेच शिष्य. परांजपे मुंबईला गेले, काही काळ नैरोबीत जाहिरात क्षेत्रात राहिले आणि पुढे पुण्यात स्थिरावले. गुरू गावात राहिला, शिष्य बाहेर पडला, आणि दोघांनीही मोठे काम केले. मात्र त्या काळी चित्रकलेच्या मागे रोजगाराचे तीन भक्कम आधार होते: संस्था आणि घराणी व्यक्तिचित्रे करून घेत, शाळांत चित्रकला शिक्षकाची पूर्ण वेळ नोकरी मिळे, आणि जाहिराती व नियतकालिके हाताने काढलेली चित्रे विकत घेत. आज व्यक्तिचित्राची जागा छापील फ्लेक्सने घेतली आहे, निवृत्त झालेल्या चित्रकला शिक्षकाची खुर्ची बरेचदा रिकामीच राहते, आणि बोधचित्रे आता यंत्राकडूनही करून घेतली जाऊ लागली आहेत. हे आधार गेले आणि त्यांच्या जागी काय उभे करायचे, याचा विचार झालाच नाही.

दालन तर आहे. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत के. बी. कुलकर्णींच्या नावाचे कलादालन आहे. तिथल्यासारखी प्रदर्शने मी सुट्टीत येतो तेव्हा आवर्जून पाहतो. दीपप्रज्वलन होते, ज्येष्ठ चित्रकार व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक देतात, लोक मुलांना घेऊन येतात आणि अभिप्राय वहीची पाने भरून जातात. अशाच एका प्रदर्शनात मी पाहिले की चित्राखालच्या पट्टीवर शीर्षक होते, माध्यम होते, आकार होता, पण किंमत नव्हती. एका गृहस्थांनी किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या चित्रापाशी बराच वेळ थांबून चित्रकाराला बाजूला घेतले आणि हळूच किंमत विचारली. चित्रकाराने फ्रेमचा खर्चही जेमतेम निघेल असा आकडा सांगितला आणि त्यावर लगेच, "तुम्हाला आवडलं असेल तर बघू काहीतरी," असे स्वतःच म्हणून टाकले. त्या माणसाच्या हातात उत्तम कौशल्य होते; आपल्या श्रमाचा दर उघडपणे सांगण्याची सवय मात्र त्याला कोणी लावलेलीच नव्हती.

लिमेरिकची तुलना मुद्दाम करतो, कारण हे राजधानीचे डब्लिन नव्हे. 2022 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती, तर 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहराची सुमारे 4.88 लाख होती. तरीही 1977 मध्ये इथल्या स्थानिक चित्रकारांनी एकत्र येऊन ईव्हा नावाचे प्रदर्शन सुरू केले, आणि आज ते दर दोन वर्षांनी भरणारे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक आहे. त्यासाठी त्यांनी आधी नवी इमारत मागितली नाही. खुल्या आवाहनातून कामे मागवायची आणि निवड बाहेरून बोलावलेल्या जाणकाराकडे सोपवायची, ही प्रथा त्यांनी सुरुवातीच्या काळातच पाडली. गावातल्या गावात निवड झाली की ओळखीपाळखी आड येतात, हे आपल्याला काही नवे नाही. त्यावरचा हा उपाय कमी खर्चाचा आहे.

याहून मोलाची वाटते ती आयर्लंडमधील सार्वजनिक बांधकामाच्या एक टक्क्याची पद्धत. सरकारी पैशातून रस्ता, शाळा किंवा रुग्णालय उभे राहते, तेव्हा त्या खर्चाच्या एक टक्क्यापर्यंतची रक्कम कलाकृतीसाठी राखता येते, आणि 1997 पासून हे धोरण सर्व सरकारी खात्यांना लागू आहे. स्थानिक परिषदेची कला अधिकारी आवाहन प्रसिद्ध करते आणि त्यात रक्कम किती, काम कुठे, निवड कशी, शेवटची तारीख कोणती हे सगळे लिहिलेले असते. असे आवाहन वाचताना अर्जदाराला कोणाला फोन करावा लागत नाही. आता बेळगावकडे पाहू. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. केंद्राचे 500 कोटींपर्यंत आणि राज्य व स्थानिक संस्थेचे तितकेच, अशी त्या योजनेची रचना होती. हजार कोटींचा एक टक्का म्हणजे दहा कोटी रुपये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या किती चित्रकार-शिल्पकारांना त्यात सन्मानाचे काम मिळाले असते, हा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

परदेशाकडे डोळे लावून बसलेल्यांना मात्र मी इथली दुसरी बाजूही सांगतो. माझी भाची कोल्हापुरात चित्रकला शिकते. "मामा, मी तिकडेच येऊ का?" असे तिने विचारले, तेव्हा मी तिला घाई करू नको म्हटले. इथे 2022 मध्ये सरकारने कलावंतांना दर आठवड्याला 325 युरो मूलभूत उत्पन्न देण्याची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, तिचे जगभर कौतुक झाले. पण पात्र ठरलेल्या 8,200 हून अधिक अर्जदारांतून 2,000 जणांची निवड सोडत काढून करावी लागली. म्हणजे या श्रीमंत देशातही चारांपैकी तिघे बाहेरच राहिले. घरभाडे इतके आहे की स्टुडिओसाठी वेगळी खोली घेणे बहुतेकांना परवडत नाही. शिवाय भारतातून येणाऱ्याचा कामाचा परवाना सहसा एखाद्या नोकरीशी बांधलेला असतो, त्यामुळे स्वतंत्र चित्रकार म्हणून थेट येऊन उभे राहणे फार अवघड असते. तिने आधी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला आणि ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनाला कामे पाठवावीत, आणि बेंगळूरला कर्नाटक चित्रकला परिषदेच्या चित्रसंते या चित्रांच्या बाजारात एकदा उभे राहून अनोळखी गिऱ्हाइकाशी किमतीचे बोलणे करावे, असे मी सुचवले. या तिन्ही ठिकाणी बेळगावच्या मुलीला कोणी परकी म्हणत नाही.

सीमाभागाची खरी अडचण इतरत्र आहे. चित्राला भाषा नसते, असे प्रत्येक उद्घाटनात कोणीतरी म्हणते. चित्राला नसेल, पण अर्जाला भाषा असते आणि रहिवासाच्या दाखल्यावर राज्याचे नाव असते. महाराष्ट्राचा दावा असलेल्या 865 गावांतील मुलांना तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. पण शिक्षण संपवून मूल घरी परतले की महाराष्ट्राच्या रहिवासाची अट असलेल्या स्पर्धा व अनुदाने त्याच्यापासून दुरावतात. कर्नाटकात अर्ज करायचा तर तिथल्या संस्थांशी त्याची ओळख नसते आणि कन्नडमध्ये आपल्या कामाविषयी लिहिण्याचा सरावही नसतो. सीमावाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबाबत माझी भूमिका कोणत्याही मराठी बेळगावकराची असते तीच आहे. पण निकाल लागेपर्यंत आणखी एक पिढी दोन्ही दारांबाहेर उभी राहावी, हे मला मान्य नाही. आयर्लंडच्या बेटावरही सीमा आहे आणि तिच्यापायी इथे हजारो माणसे मारली गेली. तरीही प्रजासत्ताकाची आणि उत्तर आयर्लंडची कला परिषद काही संस्थांना मिळून निधी देतात. सीमेचा प्रश्न न मिटवताही हे करता येते.

आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना तर जोडून घ्यावे असे पुष्कळ आहे. गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आणि सावंतवाडीची खेळणी यांच्या मध्ये बेळगाव वसले आहे, खानापुरात कुंभारकामाचे केंद्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि कोल्हापूरच्या दळवीज व कलानिकेतन या कला महाविद्यालयांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. सावंतवाडीचा कारागीर, खानापूरचा कुंभार आणि कोल्हापुरात शिकलेली चित्रकार मुलगी यांना एकाच कामावर मोबदला देऊन बोलवावे, तर आज त्यासाठी कोणत्याही राज्याच्या अर्जात रकाना नाही. तो रकाना दोन्ही राज्यांच्या कला खात्यांनी आणि अकादम्यांनी तयार करावा, ही मागणी मराठी आणि कन्नड चित्रकारांनी मिळून करायला हवी. तोवर बेळगाव महापालिकेने पुढच्या अंदाजपत्रकात बांधकामाच्या खर्चातून कलाकृतींसाठी एक टक्का वेगळा काढावा, पहिले आवाहन मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत रकमेसह प्रसिद्ध करावे, आणि निवडीसाठी दोन्ही राज्यांबाहेरचा परीक्षक बोलवावा. येत्या सुट्टीत बेळगावला आलो की या मागणीच्या निवेदनावर सह्या गोळा करायला मी त्या अभिप्राय वहीच्या टेबलापाशीच बसणार आहे.