ॲपवर नोकऱ्या पडून आहेत म्हणे!

गेला आठवडाभर एक मजकूर प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं: मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे, ॲपवर नोकऱ्यांचा ढीग आहे, कौशल्याचे कोर्स फुकट आहेत, तरी गोव्यातली पोरं घरी बसतात, कारण त्यांना फक्त सरकारी नोकरी हवी. सत्तरी तालुक्यातल्या वाळपईत माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. ज्या पोरांना तुम्ही आळशी म्हणता, त्यांचेच फॉर्म मी रोज भरते. म्हणून हे लिहितेय.

मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे? गेल्या मार्चमध्ये सत्तरीच्या एका आतल्या गावातून एक मुलगी आली. आयटीआयची इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स पूर्ण केलेली. ॲप्रेंटिसशिपची नोंदणी करायची होती. आधारला नंबर बापाचा, आणि बाप काजूच्या बागायतीत, जिथे रेंज नाही. ओटीपी पाठवला, फोन लागेना. वेळ संपली. पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा तो चढणीवर आला तेव्हा आकडे सांगितले. मग आडवं आलं आडनाव. गावकर हे इंग्रजीत मार्कशीटवर ‘ओ’ने, आधारवर ‘यू’ने. अर्ज अडकला. आधार दुरुस्त करायला आणखी एक फेरी, म्हणजे आईच्या रोजगाराचा एक दिवस गेला, कारण धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कोणी नव्हतं. यात आळस कुठे दिसला तुम्हाला? 2020 च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगरावर बसून शिकली, ती हीच मुलं.

नोकऱ्यांचा ढीग आहे हे काही अंशी खरं. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहे, नोंदणीला पैसे लागत नाहीत. पण जाहिरातीत कारखान्यांच्या वसाहतीचं नाव लिहिलेलं असतं, ‘वेर्णा’, एवढंच. शिफ्ट किती वाजता सुटते? कंपनीची बस कुठपर्यंत येते? वाळपईहून वेर्ण्याला फोंड्यावरून बस बदलत जायचं. रात्रीची शिफ्ट सुटल्यावर मुलीने यायचं कसं, हे ॲप सांगत नाही. आणि जाहिरातींच्या त्याच गर्दीत खोट्याही असतात. एका पोराने बोटीवरच्या नोकरीसाठी ‘नोंदणी फी’ म्हणून 2,500 रुपये भरले आणि मग समोरचा नंबर बंद. आता दुकानात भिंतीवर लिहूनच ठेवलंय: नोकरी देणारा पैसे मागत असेल तर आधी मला विचारा.

फुकट कोर्सचं थोडक्यात सांगते. व्हिडिओ बघून वेल्डिंग येत नाही. हातात होल्डर धरून, चुकून, पुन्हा धरूनच ते येतं. व्हिडिओ उजळणीला चांगला, सर्टिफिकेट भिंतीला चांगलं.

आता सरकारी नोकरीचं. हो, हवी असते. 2024 मध्ये सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं राज्यभर उघडी पडली, एवढी ती हवी असते. पण का, ते विचारा ना. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा ही पोरं प्राथमिक शाळेत होती. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिलेले, बँकेचे हप्ते, आईने मोडलेले दागिने त्यांनी बघितले. थोडं सुरू झालं, तर 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि पुन्हा सगळं थांबलं. हॉटेलचं काम पर्यटकांच्या हंगामापुरतं, पावसाळ्यात अनेकांना घरी बसवतात. असं बालपण गेलेल्या पोराने कायमच्या पगाराची आस धरली तर त्याला नावं ठेवू नका.

तंत्रज्ञान नको असं मी अजिबात म्हणत नाही. माझं पोट त्यावर आहे. फक्त पोर्टल आणि पोरगी यांच्या मध्ये एक माणूस लागतो. गेल्या वर्षापासून मी एक करते: जाहिरात आली की कंपनीत स्वतः फोन लावते, शिफ्ट, पगार, जेवण, बस विचारते आणि गावच्या ग्रुपवर मराठीत आवाजात रेकॉर्ड करून टाकते. इंग्रजी जाहिरात तशीच ग्रुपवर पाठवली की कोणी फिरकत नाही. आवाज टाकला की संध्याकाळी दोघं-तिघं तरी दारात असतात, “काकी, ती बस खरंच येते?” हे पंचायतीला, आयटीआयला, रोजगार विनिमय केंद्राला माझ्याहून कितीतरी चांगलं करता येईल. त्यांच्याकडे माणसं आहेत, फोन आहेत.

त्या मुलीचं आडनाव दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. मग एका कारखान्यात फोन केला, तर कळलं की त्यांची बस उसगाव-तिस्कापर्यंत येते. जाहिरातीत ते लिहिलंच नव्हतं. आता बाप तिला पहाटे स्कूटरवरून तिस्कावर सोडतो आणि तिथूनच बागायतीत जातो. पहिल्या स्टायपेंडमधून तिने स्वतःचं सिमकार्ड घेतलं. आधारला तो नंबर जोडायला माझ्याकडेच कागद घेऊन आली होती.