खुलासा: पाळीत शिसं ‘धुऊन’ जात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या महिलांच्या ग्रुपांवर गुलाबी फुलांचा एक मेसेज फिरतोय: ‘पाळीत शरीरातलं शिसं बाहेर पडतं, मुलींना तपासणीची गरज नाही.’ माझ्या मावशीनंही तो मला पाठवला, वर हात जोडून.

यात खरं एवढंच की रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, म्हणून रक्तासोबत थोडं जातं. पण किती? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. अंगात चार-साडेचार लिटर. फार तर एक टक्का! चक्रात पातळी किंचित खालीवर होते, तेवढंच. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं, दशकानुदशकं.

उलट पाळीत रक्त जास्त गेलं की लोह घटतं, आणि लोह कमी असलं की आतडं शिसं अधिक शोषतं. हे मेसेजवाल्याला कुणी सांगावं?

घरात बॅटरी-दुरुस्तीचं काम असेल (बॅटरीत शिसं असतं), सुटी हळद संशयास्पद पिवळीधमक असेल (रंगासाठी शिशाची भेसळ असू शकते), तर रक्ततपासणी कराच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनेनुसार डेसिलिटरभर (१०० मिली) रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं.