वर्गात बसा, पण हजेरीपटही मागा

शिक्षणातल्या विषमतेवर लिहिणाऱ्या पत्रकाराने आधी वर्गात जाऊन बसावं, हा एका लेखातला सल्ला पटला. पण कागद वाचल्याशिवाय वर्गातलं अर्धंच दिसतं.

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचंच बघा. सोडत निघाली की वर्तमानपत्राच्या वडोदरा पानावर आकडा झळकतो आणि विषय मिटतो. तो आकडा वाटपाचा, प्रवेशाचा नव्हे. जूनमधली वाटपयादी आणि सप्टेंबरचा हजेरीपट शेजारी ठेवा. गळालेल्या नावांत खरी बातमी असते. टक्का प्रवेशवर्गाचा धरायचा, अख्ख्या शाळेचा नाही: पहिलीत ८० मुलं तर जागा २०. इथे भलेभले चुकतात. ही मुलं वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या वेळेला बसवलीत का, तेही तपासा. आणि आठवीनंतर काय? कायद्याचं छत्र तिथे संपतं, नववीत फीची पावती हातात पडते. त्यावर क्वचितच कोणी लिहितं.

वडोदऱ्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, हे वाक्य मात्र दर बातमीत हमखास! मुलाचा फोटो छापताना ‘आरटीईचा विद्यार्थी’ अशी ओळ खाली नको. वर्गात तेच नाव चिकटतं.