पोर्टला हात लावू नका म्हटलं होतं ना?

तक्रारीच्या तिकिटात लिहिलं होतं. पहिल्याच ओळीत. "उद्या रात्री 9 पर्यंत या पोर्टला कुणीही हात लावू नये, काउंटर हवे आहेत." पोर्ट म्हणजे गिऱ्हाइकाची डीएसएल लाइन, फोनच्या तारेवरचं इंटरनेट हो, आमच्या यंत्रात जिथे येऊन लागते ते टोक. काउंटर म्हणजे त्या लाइनच्या चुका मोजणारे आकडे. याहून सोप्या मराठीत मला लिहिता येत नाही. चित्र काढून द्यायचं तेवढं राहिलं होतं.

आज दुपारी 12 वाजून 40 मिनिटांनी कुणीतरी पोर्ट रीसेट केला. केला तो केला, वर काउंटरही साफ केले. ईएस (चुका झालेले सेकंद) शून्य, एसईएस (फारच चुका झालेले सेकंद) शून्य, सीआरसी (बिघडून आलेला डेटा) शून्य, रीट्रेन (लाइन पडून पुन्हा जुळणं) शून्य. लाइन जणू आजच जन्माला आली. आणि तिकिटावर शेरा: "पोर्ट रीसेट केला. मार्जिन 6. एरर नाही. लाइन ओके." तिकीट बंद.

एरर नाही! अरे, पुसून टाकल्यावर एरर कुठून असणार? खोलीत खून झालाय, पंचनामा व्हायचाय, त्याआधीच फरशीवर फिनेल मारायचं आणि वर म्हणायचं, बघा, कुठे डाग तरी आहे का! चार दिवस मी त्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी जमवत होतो. दिवसाच्या 96. त्यातल्या 95 धुतल्या तांदळासारख्या, आणि संध्याकाळी सव्वासाताच्या आसपासची एकच नासलेली. तारा दुरुस्त करणाऱ्या केबलवाल्यांच्या नाकासमोर धरायला मला तीच एक हवी होती. आता काय धरू? शून्य धरू?

"मार्जिन 6" वाचून तर तळपायाची आग मस्तकात गेली. मार्जिन म्हणजे तारेत नॉइज, म्हणजे खरखर, आणखी किती वाढली तरी लाइन टिकेल ती शिल्लक. ती 6 असणारच की! प्रोफाइलमध्ये, म्हणजे लाइनच्या सेटिंगमध्ये, टार्गेटच 6 डीबी भरलेलं आहे. नुकतीच ट्रेन झालेली, म्हणजे दोन्ही टोकांनी स्पीड जुळवून घेतलेली लाइन कितीही सडकी असली तरी 6 च्या आसपासच येऊन बसते, स्पीड कमी करून घेते आणि मार्जिन राखते. त्या आकड्याकडे बघून लाइन ओके म्हणणं म्हणजे मुलाने स्वतःच तपासलेल्या पेपरवर सही करणं. शेजारच्याच रकान्यात स्पीड असतो. मान दोन इंच उजवीकडे वळवायची असते. पण नाही.

आणि खरा संताप पुढेच आहे. ही लाइन रोज संध्याकाळी का पडते, माहितीये? आपण तिला रोज दुपारी उठवतो म्हणून.

अॅटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती विझतो ते, 38 डीबी. दिवसा 9.6 एमबीपीएसला ट्रेन होते, मार्जिन 6. संध्याकाळी सव्वासातला कुठूनतरी नॉइज चढतो, साधारण 7 डीबी. सहातून सात गेले की उरलं काय? लाइन पडते. पडून पुन्हा उठते ती शहाणी होऊन, 6.4 वर. मग रात्रभर हलत नाही. सकाळी नॉइज गेला की मार्जिन 13 दाखवते. स्पीड कमी, पण खुंट्यासारखी घट्ट. तिला तसंच ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी सव्वासात वाजलेले तिला कळलेही नसते. पण दुपारी तक्रार डेस्कवरचा कुणीतरी तिकीट उघडतो, "स्लो स्पीड" वाचतो, रीसेट मारतो, 9.6 आले की ओके लिहून जेवायला जातो. संध्याकाळी लाइन पुन्हा आडवी. दुसऱ्या दिवशी नवा माणूस, नवं तिकीट, तोच रीसेट. चार दिवस हाच खेळ! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि इथे तर बंबात पाण्याऐवजी रॉकेल.

हे मला कुठल्या सिस्टिमने सांगितलं असेल? कुठल्याच नाही. ते ज्यांचं कनेक्शन आहे त्या काकांनी सांगितलं. त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने तीन रकाने आखलेत: वार, गेलं, आलं. सोम 7:12, 7:14. मंगळ 7:09, 7:12. बुध 7:13, आणि "आलं"च्या खाली "आलं पण मरगळलेलं". मरगळलेलं! अख्ख्या टीममध्ये लाइनचं इतकं अचूक निदान कुणी केलेलं नाही. मी विचारलं, "काका, दुपारी कुणाचा फोन येतो का?" म्हणाले, "येतो ना. आता फास्ट झालं का बघा, म्हणतात. होतंही फास्ट. मग संध्याकाळी पुन्हा जातं. मला वाटलं तुमची पद्धतच अशी असेल."

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर ऑफिसातलं कुणीतरी करेलच. काल रात्री हाच सगळा राग मी मेलमध्ये ओतत बसलो होतो. विषय होता "रीसेट संस्कृती बंद करा". तिसऱ्या परिच्छेदात माझंच घरचं नेट अडकलं. आणि माझा हात? माझा हात आपसूक गेला मोडेमच्या मागच्या बटणाकडे. बंद. दहा मोजले. चालू. दिवे लुकलुकायला लागल्यावर लक्षात आलं, की मोडेमचे सगळे काउंटर गेले आणि नेट का अडकलं ते आता मला जन्मात कळणार नाही. एवढ्यात नाइट शिफ्टच्या पोराचा फोन. "सर, तुमच्या पोर्टवर एलपीआर आला होता. लाइट गेली होती का?" मी म्हटलं, "हो, गेली होती." खोटं बोललो. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.

पण म्हणून माझा राग चुकीचा ठरत नाही हं.

एलपीआरचा विषय निघालाच आहे तर तोही ऐका. मोडेमची वीज गेली की बिचारा शेवटचा श्वास घेता घेता निरोप पाठवून जातो, की मी जातोय, लाइनला दोष देऊ नका. इतकं सुसंस्कृत मरण माणसालाही येत नाही. आणि आपण काय करतो? तो अलार्म लाल यादीत टाकतो. रात्री 11 ला लोक मोडेम बंद करून झोपतात आणि आमच्या स्क्रीनवर साथ आल्यासारखी प्रेतं पडतात. त्यावर कुणीतरी तिकिटं काढतं. झोपलेल्या माणसांची तिकिटं!

48 पोर्टचं कार्ड गेलं की 48 एलओएस (सिग्नल नाही) अलार्म एकदम, सगळे क्रिटिकल, सगळे किंचाळणारे. आणि ज्या एका अलार्मने खरं सांगितलेलं असतं, की बाबांनो कार्डच गेलंय, तो बसलेला असतो दुसऱ्या पानावर, पिवळा, मायनर. हे रंग कुणी ठरवले, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. भांडायला नाही. नुसतं बघायला.

आणि पोर्टचे नंबर! कार्डावर छापलेत 1 पासून, सॉफ्टवेअर मोजतं 0 पासून, आणि रजिस्टरात लिहिणाऱ्याने त्या दिवशी मूड असेल तसं लिहिलंय. मागे मी तासभर शेजाऱ्याची ठणठणीत लाइन दुरुस्त करत बसलो होतो. शेवटी ती बिघडली, तेव्हा कळलं.

"डायल टोन येतोय ना, मग लाइन चांगली आहे" म्हणणारे तर वेगळेच. जोडीतली एक तार तुटली तरी डीएसएल कधीकधी उरलेल्या एका तारेवर लंगडत सिंक धरतं. फोन मेलेला, नेट रडतंय, आणि डीस्लॅमवर, म्हणजे आमच्या बाजूच्या यंत्रावर, अलार्म? एकही नाही. सगळं हिरवंगार. उलट टोन खणखणीत आणि जॉइंट आतून गंजून हिरवा पडलेला, हेही रोजचंच. लूपचा, म्हणजे दोन्ही तारांचा मिळून, रेझिस्टन्स मोजतात, बेरीज ठीक आली की मीटर गुंडाळतात. दोन तारा वेगवेगळ्या मोजायच्या असतात. एका तारेत जास्त आणि दुसरीत कमी असेल तर तोल गेला, आणि तोल गेलेली जोडी म्हणजे अँटेनाच. जगातला सगळा कचरा गोळा करते.

काकांच्या लाइनबद्दलही माझा संशय हाच आहे. पिलर (रस्त्यावरची केबलची पेटी) ते डीपी (घराजवळचा तारांचा डबा) यांच्या मध्ये कुठेतरी एक जॉइंट एका तारेत खराब झालेला, आणि सव्वासातला चालू होणारं काहीतरी. जिन्यातला दिवा, त्याला वीज देणारा स्वस्तातला ड्रायव्हर, असलंच काही. जॉइंट चांगला असता तर लाइनने तो नॉइज कदाचित गिळलाही असता. डेस्कचा इलाज विचाराल तर तो ठरलेला: इंटरलीव्हिंग वाढवा, डेटा आणखी फेटून पाठवा. म्हणजे एरर दिसणार नाहीत, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) वाढेल, आणि काकांच्या वहीत आणखी एक रकाना वाढेल.

तर आज संध्याकाळी 7 ला मी स्वतः तिथे उभा राहणार आहे. खिशातला जुना एएम रेडिओ, स्टेशन नाही अशा जागी लावून. जिथे घरघर वाढेल तिथे चोर. तोवर पोर्टवर निदान एक पंधरा मिनिटांची नोंद तरी शाबूत राहावी म्हणून आत्ता डेस्कला फोन केला. म्हटलं, "हे बघ, रात्री 9 पर्यंत या पोर्टला हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही."

"नाही लावत सर, शंभर टक्के. फक्त तुम्ही पोचायच्या आधी एकदा रीसेट मारून क्लीन करून ठेवू का?"